ऊन दाखवलेली फिल्म

आमच्याकडे मिरचीचा मोसम आधी नाकाला कळतो. दिवाळी उरकते, फराळाचे डबे तळाला लागतात आणि एखाद्या सकाळी दार उघडताच पहिली शिंक येते. मग शेजारच्या घरातून एक, समोरच्या घरातून एक. नव्याने बदली होऊन आलेले लोक डॉक्टरकडे धावतात. आम्ही रुमाल शोधतो. शहराबाहेर पथाऱ्या पडलेल्या असतात. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं वावर. ओली मिरची ट्रॅक्टरने येते, जमिनीवर पसरली जाते आणि थंडी सरेपर्यंत उन्हात पडून राहते. नजर जाईल तिथवर लाल. बाहेरगावचे लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. मी खांडबाऱ्याच्या शाळेत शिकवते. सकाळची गाडी नंदुरबार सोडते तेव्हा हे लाल वावर खिडकीतून दिसतं, आणि डब्यातली माणसं त्या बाजूला सरकतात. मी दुसऱ्या बाजूला बसते आणि वह्या तपासायला घेते. माझे वडील, बापू, गेले तेव्हापासून हे असंच चाललं आहे.

लहानपणी या मोसमात आमच्या घरात कोणी डोळे चोळत नसे. ते आम्हाला चालायच्या आधी शिकवलं होतं. पथारीवरून आलं की हात आधी ताकाने धुवायचे, मग पाण्याने, आणि तरीही झोपताना गालाखाली हात घ्यायचा नाही. चुलीवर वांगी भाजलेली असायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असायची, आणि भरताला हिरव्या मिरचीची फोडणी. कारण दिवसभर लाल मिरचीत लोळलेल्या माणसांना जेवताना लाल रंग नकोसा होई. बापू जेवायला बसले की त्यांच्या सदऱ्यातून धूळ उडे आणि आम्ही दोघं भावंडं मुद्दाम मोठ्याने शिंकत असू. आजही भरीत करते मी. चांगलं होतं. पण शिंकायला समोर कोणी नसतं.

माझा धाकटा भाऊ निलेश हॉलंडला फिल्म शिकायला गेला, ही गोष्ट आमच्या भाऊबंदांत कुणालाच नीट सांगता आली नाही. हॉलंडला माणूस फुलांचं शिकायला जातो, गायींचं, फार तर पाण्याचं. निलेशने लग्नघरी बसून समजावलं, की मी तिथे प्रायोगिक लघुपट शिकतो. काकांनी सुपारी कातरता कातरता मान वर केली. अहिराणीत म्हणाले, "म्हंजे तू तठे सायन्स शिकी ऱ्हायना ना?" निलेश हो म्हणाला. मायने तर तेवढाही त्रास घेतला नाही. ती सगळ्यांना सांगे, "कंपनीमां शे." कुठली कंपनी, असं आमच्याकडे कोणी विचारत नाही.

रॉटरडॅमच्या बंदराजवळ जुन्या गोदामात एक फिल्म धुण्याची कार्यशाळा होती. तिथे तो रमला. फिल्मचे कारखाने बंद पडले तेव्हा भंगारात निघालेली यंत्रं काही हौशी लोकांनी तिथे आणून ठेवली होती. सगळं जग मोबाइलवर चित्रपट काढतंय, आणि ही मंडळी बादलीत रसायनं कालवून, हाताने फिल्म धुऊन, दोरीवर चिमट्यांनी वाळत घालत होती. मी म्हटलं, म्हणजे आपल्या कुरडया-पापडांसारखं झालं. बाजारात तयार मिळतं, पण घरचं ते घरचं. तो फोनवर खूप हसला. म्हणाला, "ताई, तू येवढं नीट सांगस, मले तठे कोनी आसं सांगं नही."

तिथल्या लोकांच्या छोट्या छोट्या फिल्मा तो मला पाठवी. मी शाळेतून येऊन, चहा घेऊन, श्रद्धेने बघत असे. एकीत नुसतं कालव्याचं पाणी होतं. पाण्यावर एक दोरी पडलेली, ती हलतेय, एवढंच. एकीत एका म्हाताऱ्या बाईचा हात खिडकीची काच पुसत होता. काच स्वच्छ झाली तरी पुसतच राहिला. एकीत तर चित्रच नव्हतं. कोणीतरी फिल्मची पट्टी कोबीच्या वाफ्यात पुरून ठेवली होती आणि मातीने तिच्यावर जे डाग पाडले ते पडद्यावर नाचत होते. मी एकदा चिडून म्हटलं, "भाऊ, यामां कोनी रडस नही, मरस नही, लगीन करस नही. मी दखू काय?"

तो म्हणाला, "गोष्ट ऱ्हायनी ना ताई, ते मानूस पुढे काय व्हई तेच दखस. समोर काय शे ते दखतच नही."

तेव्हा मला ते पुस्तकी वाटलं होतं. चार बुकं शिकलं की माणूस असं बोलतो. पण त्या पाण्यावरच्या दोरीची मला हळूहळू सवय लागली, हे खरं आहे. समुद्राच्या खाली असलेला तो देश. पाणी उपसून उपसून जमीन कोरडी ठेवायची, आणि एक दिवस विसरलं तर सगळं परत पाण्यात. अशा लोकांना एकाच गोष्टीकडे टक लावून बघायची सवय असणारच. शिवाय तिथे ऊन नाही. निलेश सांगे, की दुपारी ढग फाटले आणि भिंतीवर उन्हाचा कवडसा पडला, तर वर्गातले लोक काम टाकून त्याची फिल्म काढायला धावतात. मी म्हटलं, इकडे पाठव त्यांना, पोतं भरून देते.

कारण आमच्याकडे ऊन हा घरातला कामकरी आहे. डाळ, कुरडया, गोधड्या, लोणच्याच्या बरण्या, बाळंतिणीचं अंथरूण, सगळ्याला ऊन दाखवायचं. ऊन दाखवलं की वस्तू टिकते. किडा लागत नाही, वास मारत नाही, बुरशी धरत नाही. मायच्या हातून काहीही ओलं झालं की तिचे पाय आपोआप अंगणाकडे वळतात. एकदा मी माझ्या लग्नाचा अल्बम पावसात भिजवला तेव्हा तिने पानं सुटी करून खाटेवर मांडली होती आणि एकही फोटो बिघडला नव्हता. अजून तो अल्बम तसाच्या तसा आहे.

बापू गेले त्या मोसमात निलेश डिसेंबरात आला. बरोबर किल्ली द्यायचा कॅमेरा, आणि पत्र्याच्या डब्यांत सोळा मिलिमीटरच्या फिल्मची रिळं. त्याला पथारीवर एक छोटी फिल्म काढायची होती. रिळं इथे भरायची आणि रॉटरडॅमला नेऊन स्वतःच्या हाताने धुवायची, असा बेत होता.

बापूंनी अंगणात बसून कॅमेऱ्याची नीट तपासणी केली. "हिरो कोन शे?" त्यांनी विचारलं.

"मिरची," निलेश म्हणाला.

"आनि हिरोइन?"

"तीबी मिरचीच."

"मंग हाई फिल्लम मी पन्नास वरीस पासीन दखी ऱ्हायनू," बापू म्हणाले आणि कॅमेरा परत दिला.

खरं म्हणजे निलेशला मिरची नको होती, बापूंचं चालणं हवं होतं. मिरचीतून चालायचं तर पाऊल उचलायचं नसतं. उचललं की ठेवताना मिरची चिरडते, बी सांडतं. पाऊल जमिनीला घासत पुढे सरकवायचं. मिरची आपोआप बाजूला होते आणि उलटतेही. बापू हे इतकी वर्षं करत आले होते की घरातही तसेच चालत. स्वयंपाकघरात आले की फरशीवर खर्र खर्र आवाज होई आणि माय म्हणे, "आते फरशी बी उलटी करतस का?"

त्यांची छाती तेव्हा बिघडलेली होती. सगळी जिंदगी ती धूळ आत घेतलेली. डॉक्टरांनी पथारीवर पाय ठेवायचा नाही असं बजावलं होतं, आणि बापू रोज "निसतं दखाले जास" असं सांगून जात, आणि पंधरा मिनिटांत चपला काढून मिरचीत उतरलेले असत. अक्कलकुव्याकडच्या डोंगरातून कामाला आलेल्या बायका त्यांना बघून तोंडावरचा फडका सरकवून हसत. बापू फडका बांधत नसत. त्यात दम कोंडतो म्हणत.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. बापूंचा फोटो कधीच धड आला नाही. मोबाइल समोर धरला की ते सावधान उभे राहत, हात मांड्यांना चिकटवून, ओठ आवळून. माझ्या फोनमध्ये त्यांचे बरेच फोटो आहेत आणि त्या सगळ्यांत एक अनोळखी माणूस उभा आहे. हलता एकच, त्यात त्यांचा पंजा भिंगावर येतो आणि आवाज येतो, "बंद कर ते." निलेशच्या कॅमेऱ्याला मात्र ते घाबरले नाहीत. किल्ली दिल्यावर तो शिलाई मशीनसारखा कुरकुर वाजे, म्हणून बापूंनी त्याला यंत्रात धरलं, फोटोत धरलं नाही. निलेश गुडघ्यावर बसून कॅमेरा जमिनीलगत धरी आणि बापू त्याच्या अंगावरून मिरची उलटवत निघून जात. चालता चालता कुणाशी भांडत, स्वतःशी काहीतरी गुणगुणत, खोकत, कधी थांबून त्याच्याकडे वळून काहीतरी चिडवत. एकदा तर इतके हसले की खाली बसावं लागलं. कॅमेरा तेव्हा चालू होता. मी शेजारीच उभी होते, म्हणून मला माहीत आहे.

निलेशजवळ एक काळी पिशवी होती, दोन बाह्यांची. कॅमेऱ्यात रीळ अडकलं की तो कॅमेरा त्या पिशवीत घाली, बाह्यांतून हात आत सारी आणि डोळे मिटून आतल्या आत काहीतरी सोडवत बसे. माय ते कौतुकाने बघे. तिने बायकांना समजावून सांगितलं, "मिरचीनी धूय लागाले नको, म्हनीसन पिशवीमां करस तो." सगळ्यांना पटलं. पथारीवर प्रत्येक गोष्ट धुळीपासूनच जपायची असते. डोळे, पाणी, भाकरी, तान्ही मुलं. निलेशनेही तिला एकच सूचना दिली होती. "माय, फिल्लमले बोट लावानं नही हां. कडेथीन धरानं." उजेडाबद्दल तो काही बोललाच नाही. कुणी ती डबी उघडेल हे त्याच्या मनातही आलं नसणार. धुण्याआधी फिल्मला उजेड लागला की चित्र जातं, हे तिकडे गोदामात शेंबड्या पोरालाही ठाऊक असेल.

मग अवकाळी आला. जानेवारीतली दुपार, गुजरातच्या अंगाने आभाळ काळं झालं आणि पथारीवर एकच पळापळ. ताडपत्र्या पुरल्या नाहीत. मिरची ओढून ढीग करेपर्यंत ती भिजली. निलेश त्या दिवशी अक्कलकुव्याला मित्राकडे गेला होता, कॅमेरा त्याच्याजवळ होता. भरलेली रिळं मात्र पथारीवरच्या पत्र्याच्या खोलीत एका पिशवीत ठेवलेली. पत्रा नेमका तिथेच गळला. दुसऱ्या दिवशी सकाळी असं ऊन पडलं की जणू काही झालंच नव्हतं, आणि अख्ख्या नंदुरबारने आपलं ओलं बाहेर काढलं.

रविवार होता. निलेश बसमधून उतरला आणि मी त्याला गाडीवर मागे बसवून पथारीवर घेऊन गेले. रस्ताभर तो बडबडत होता, की ओली मिरची कशी चमकत असेल, उरलेलं रीळ त्यावर घालवतो. आम्ही पोचलो तर लाल वावराच्या कडेला मायने तिच्या तीन-चार जुन्या सुती साड्या अंथरल्या होत्या, आणि त्यांवर एक लांबच लांब चकचकीत पट्टी, वाळवणाच्या शेवया घालतात तशी, इकडून तिकडे, तिकडून इकडे मांडलेली. मळकट जांभळी पडत चाललेली. माय शेजारी काठी घेऊन बसली होती, शेळ्या येऊ नयेत म्हणून.

"आख्खी फिल्लम वली व्हयी गयथी रे भाऊ," ती म्हणाली. "सक्कायपासीन बठेल शे. समदी उलगाडीसन वाळाडी लिधी. येक बोट लागू दिन्हं नही."

तिचा चेहरा किती आनंदी होता, ते मला आठवतं. मुलाची वस्तू वाचवलेल्या आईचा जो असतो तो. मला तोवर काहीच कळलं नव्हतं. मी निलेशकडे पाहिलं तेव्हा कळलं. त्याच्या हातातली बॅग हळूच खाली आली, एवढंच. मग तो चालत मायजवळ गेला, खाली बसला, पट्टीकडे थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बेस करं माय."

माझ्या भावाने आयुष्यात जे काही केलं असेल नसेल, त्या एका 'चांगलं केलंस'साठी मी त्याला सगळं माफ केलं आहे. आणि त्याच वाक्याचा मला संतापही आहे. तेव्हाच सांगितलं असतं तर माय एक दिवस रडली असती, आणि विषय संपला असता.

त्याने फक्त बापूंना सांगितलं, घरामागे नेऊन. बापूंनी दाढी खाजवली. "पुढला साल आखो काढजो," ते म्हणाले. "मी कोठे पळी ऱ्हायनू?" निलेशच्या सुट्टीच्या उरलेल्या दिवसांत ते अंथरुणालाच खिळून राहिले, पावसात भिजल्याने छाती भरली होती. निलेशकडे एक रीळ उरलं होतं, पण खाटेवरच्या माणसावर कॅमेरा धरायला त्याला धीर झाला नाही. मी म्हटलं, मोबाइलवर तरी काढ. तो म्हणाला, पुढच्या वर्षी नीट काढू. पुढच्या वर्षी. आपण हे शब्द किती सहज वापरतो, आणि कुणाला विचारून वापरतो, देव जाणे.

बापू होळीच्या आधी गेले. निलेश तोवर परत गेला होता, त्याने अंत्ययात्रा फोनवर पाहिली. मी फोन धरून उभी होते, पण माणसं मधे येत होती, म्हणून त्याला तेही धड दिसलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याचा फोन आला. त्याने ती फिल्म धुतली होती. का धुतलीस, असं मी विचारलं नाही. मेलेल्या माणसाची बंद पडलेली घड्याळं आपण चावी देऊन बघतोच. त्याची फिल्म अशा जातीची होती की जिथे प्रमाणाबाहेर उजेड लागतो तिथे ती धुतल्यावर काचेसारखी कोरी होते. सगळी कोरी झाली होती. फक्त मायने वाऱ्याने उडू नये म्हणून जिथे जिथे दगड ठेवले होते, तिथे दगडाखाली ऊन पोचलं नव्हतं. तिथे चित्र शिल्लक होतं. दगडाएवढं. पडद्यावर ते डोळ्याची पापणी लवेपर्यंत टिकतं. एकदा टाच दिसते, एकदा पायजम्याची किनार, एकदा मिरचीत रुतलेला अंगठा. बाकी पांढरा उजेड, आणि त्यात चिकटून बसलेले मिरचीचे कण.

ते त्याने गोदामातल्या लोकांना दाखवलं. दर महिन्याला ते जमतात, एकमेकांचं काम बघतात, तसे जमले होते.

"ताई, टाळ्या वाजाड्यात त्यास्नी," तो म्हणाला. "उभा ऱ्हाईसन वाजाड्यात." मग म्हणाला, "बापू त्यामां शेतच नही, आनि लोकं टाळ्या वाजाडी ऱ्हायनात."

त्याने त्यांना खरं काय ते सांगितलं होतं. त्यावर त्यांना ती आणखीच आवडली. एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ही फिल्म उन्हाने आणि तुझ्या आईने मिळून बनवली आहे, असं कोणी म्हणालं. आईचं नावही दिग्दर्शक म्हणून घाल, असं दुसऱ्याने सुचवलं. आणखी दोन-तीन गावांतून फिल्मला बोलावणं आलं. निलेशने पाठवली नाही.

मी खूप विचार केला आहे त्या टाळ्यांचा. गाडीत, शाळेत, पोळ्या लाटताना. त्या लोकांचा राग यावा म्हणून प्रयत्नही केला. पण त्यांचं काही चुकलं नाही. ते समोर जे आहे ते बघतात, हेच तर त्यांचं शिक्षण. समोर पांढरा थरथरता उजेड होता आणि त्यात मधेच एक टाच. सुंदरच असणार. ज्याने बापूंना पाहिलंच नाही, त्याला बापूंचं नसणं सुंदर दिसणार. आम्हाला त्या उजेडात दर क्षणाला तेवढंच दिसतं, की इथे ते हसून खाली बसले होते. आता ते कुठेच नाही.

आणि वाईट याचं वाटतं, की माझ्या डोक्यातलीही फिल्म कोरी होत चालली आहे. मी तिथे उभी होते, मी ते हसणं पाहिलं, पण आठवायला गेलं की फोनमधला तो सावधान उभा माणूस मधे येतो. आवाज अजून आहे. खोकला तर पक्का आहे. चेहरा हसताना कसा व्हायचा, डोळे बारीक व्हायचे की मोठे, हे मी परवा मायला विचारणार होते आणि विचारलं नाही. तिलाही आठवत नसेल तर काय करायचं, ही भीती. माणूस एकदा जातो असं म्हणतात. मला तर वाटतं तो रोज थोडा थोडा जातो, आणि आपण काही करू शकत नाही. यावर औषध असेल तर मला ते सापडलेलं नाही.

निलेशने नंतर कॅमेऱ्याला हात लावला नाही. आता तो बंदरातल्या एका गोदामात माल चढवतो-उतरवतो. मायचं सांगणं शेवटी खरं झालं, तो कंपनीत आहे.

माय मात्र थांबली नाही. दर फोनला एकच प्रश्न. "ती फिल्लम धुवायनी का रे?" तो म्हणे, नंबर लागायचाय. ती गल्लीत सांगत फिरे, की आमच्या निलेशने त्यांना फिल्ममध्ये धरून ठेवलंय, हॉलंडला आहेत ते, येतील. वर्षश्राद्धाला तिने हे पाहुण्यांना सांगितलं तेव्हा मी उठून आत गेले.

यंदा तो आला. दिवाळीनंतर, मिरची पडल्यावर. बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळलेलं एक जुनं प्रोजेक्टर यंत्र आणि ते रीळ. मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. मायला हे दाखवायचं नाही, मी म्हटलं. तो म्हणाला, तिने फोनवर शपथ घातली आहे. मग आम्ही दोघांनी मिळून एक खोटं ठरवलं. तिकडच्या यंत्रात फिल्म बिघडली, हॉलंडवाल्यांनी वाट लावली, असं सांगायचं. मी ते दोनदा त्याच्याकडून म्हणवून घेतलं, शाळेत पाठ करून घेतात तसं.

मायने ते ऐकलं. "बिघडनी ते बिघडनी," ती म्हणाली. "जितली शे तितली दखाड."

दिवेलागणीला तिने मागच्या खोलीतल्या भिंतीवरची कॅलेंडरं उतरवली, चांगली साडी नेसली आणि पाटावर बसली. निलेशने यंत्र सुरू केलं. भिंतीवर पांढरा चौकोन उमटला आणि थरथरू लागला. त्यातून तांबडे ठिपके सरसर वर जात होते.

"हाई ते निसती भीत शे," माय म्हणाली.

आणि तेवढ्यात टाच आली आणि गेली. माय पाटावरून अर्धी उठली. "तुन्हा बापू व्हतात ना? आते गयात त्या, त्याच व्हतात ना?" मग पायजम्याची किनार. मग खूप वेळ पांढरं. मग अंगठा. ती प्रत्येक वेळी हात पुढे करत होती, चालत्या गाडीतल्या माणसाला काही द्यायचं राहून गेल्यासारखा. फिल्म संपली. तिने परत लावायला सांगितली. परत संपली.

"बाकीनं कोठे गयं?" तिने विचारलं.

निलेशने पाठ केलेलं सुरू केलं. तिकडचं यंत्र, तिकडचे लोक. माय ऐकत होती. मग म्हणाली, ती फिल्म माझ्या हातात दे. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं, पण त्याने दिली. तिने कडेने धरून ती बल्बसमोर ताणली. कोरी, कोरी, कोरी, मग एक काळसर डाग. परत कोरी, मग डाग. ती एका हाताने सोडत आणि दुसऱ्या हाताने ओढत राहिली. साडी अंथरून वाळवण घालताना ती कुठे वळवते आणि वळणावर कुठे दगड ठेवते, हे तिच्या हातांना पाठ आहे; आयुष्यभर तिने दुसरं काय केलंय. दोन डागांमधलं अंतर तिच्या पसरलेल्या हातांएवढं होतं. तिसऱ्या डागापाशी तिचे हात थांबले.

"हाया मन्हा दगड शेतस," ती म्हणाली.

निलेश खाली बघत होता.

मायने पट्टी मांडीवर ठेवली. ती रडली नाही. रडली असती तर आम्ही तिला धरलं असतं.

"आजून येक दगड ठेयेल ऱ्हाता ना," ती म्हणाली, "ते त्यास्नं तोंड बी ऱ्हाई जातं."